अशिलांना दिवाळीची शुभेच्छापत्रे: पाकिटावर काय लिहावे?

करवीर:
वडील निवृत्त झाल्यामुळे कोल्हापुरातील आमच्या सनदी लेखापाल फर्मचे काम यंदापासून माझ्याकडे आले आहे. ते दर दिवाळीला सुमारे २०० अशिलांना छापील शुभेच्छापत्र पाठवत आणि प्रत्येकावर शाईने सही करत. ही प्रथा मला मोडायची नाही. परंतु यादी चाळताना तीन ठिकाणी अडलो. एका पेढीचे मालक श्रावणात वारले आणि व्यवहार आता त्यांच्या पत्नी पाहतात. त्यांना पत्र पाठवावे का, आणि पाकिटावर काय लिहावे? काही अशील मुस्लिम व ख्रिस्ती आहेत, त्यांचे काय करावे? शिवाय, ज्यांची फी थकली आहे त्यांचे स्मरणपत्र त्याच पाकिटात घालावे, असे सहकारी सुचवतात.

शाईदौत:
ज्या घरात वर्षभरात मृत्यू झाला आहे तेथे पहिली दिवाळी साजरी होत नाही, फराळसुद्धा नातेवाईक आणून देतात. अशा घरी पणत्यांचे चित्र आणि ‘हार्दिक शुभेच्छा’ असलेले पत्र जाता कामा नये. त्याऐवजी लेटरहेडवर स्वहस्ते चार ओळी लिहाव्यात, ‘स. न. वि. वि.’ने सुरुवात करावी, गेलेल्या गृहस्थांची आठवण काढावी आणि पेढीचे काम पूर्वीसारखेच पाहिले जाईल एवढे सांगावे. पाकिटावर ‘सौ.’ लिहिण्याचा प्रश्नच नाही, पण ‘श्रीमती’ही जपून वापरावे. कार्यालयीन पत्रव्यवहारात ते सरसकट चालते खरे. तरीही आपल्याकडे अनेक घरांत त्याचा अर्थ विधवा असाच घेतला जातो, आणि तो शब्द त्यांनी पहिल्यांदा आपल्याच पाकिटावर वाचावा हे बरे दिसत नाही. संपूर्ण नाव, पुढे ‘यांस’ आणि खाली पेढीचे नाव पुरेसे आहे.

थकबाकीचे पत्र भाऊबीज उलटल्यावर, वेगळ्या पाकिटात पाठवावे.

ताळेबंद:
मीही याच व्यवसायात आहे, म्हणून एक सावधगिरी सुचवतो. आपल्या सनदी लेखापालांच्या संस्थेच्या (आयसीएआय) आचारसंहितेनुसार फर्मचे नाव असलेले शुभेच्छापत्र केवळ अशील, नातेवाईक आणि मित्र यांनाच पाठवता येते. उद्या अशील होतील अशा आशेने व्यापारी संघाची सगळी यादी वापरल्यास ती जाहिरात ठरते. सोबत सुक्या मेव्याचा डबा देणार असाल तर भेटवस्तूवर भरलेल्या जीएसटीचे क्रेडिट (म्हणजे आपल्या देय करातून वजावट) मिळत नाही, हेही लक्षात असू द्यावे. अन्य धर्मीय अशिलांना ईदला आणि नाताळला पत्र पाठवणे केव्हाही चांगले. मात्र वडील इतकी वर्षे त्यांना दिवाळीचेच पत्र पाठवत असतील, तर यंदा अचानक वगळणे अधिक खटकेल. आधी वडिलांनाच विचारा.

खिळे जुळारी:
आमचा छापखाना आहे. लक्ष्मीचे किंवा गणपतीचे चित्र छापू नका. पत्र शेवटी रद्दीत जाते आणि देवाचे चित्र टाकताना लोकांचा हात अडखळतो. पत्रे वसुबारसेपूर्वी पोहोचायची असतील तर छपाईचे काम नवरात्रातच द्यावे, कारण नंतर प्रत्येक छापखान्यात गर्दी असते.

करवीर:
सर्वांचे आभार. वडिलांना विचारले तेव्हा त्यांनी पत्त्यांची जुनी वही काढून दिली. काही नावांपुढे पेन्सिलीने ‘दु.’ असे अक्षर आणि साल लिहिलेले आहे. त्या साली त्या घरी छापील पत्र गेलेले नाही. ख्रिस्ती अशिलांच्या नावांपुढे ‘ना.’ आहे, तर मुस्लिम अशिलांना दिवाळी आणि ईद अशी दोन्ही पत्रे जात असत. श्रावणातली नोंद मात्र वहीत नव्हती, ती आज मी केली.