'ओव्हरकमिट' आणि 'स्वॅप रिझर्व्हेशन' : मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : कॉम्प्युटरच्या मेमरीबद्दलच्या एका भाषांतरात दोन्हींना 'आगाऊ स्मृती-आरक्षण' असं एकच नाव दिलंय. चालेल का?

उत्तर : नाही हो, दोन्हींचा स्वभाव अगदी उलटा आहे. प्रोग्रॅमने मॅलॉककडे (मेमरी मागायचं फंक्शन) १ जीबी मागितली की लिनक्स सहसा नुसता पत्ता देऊन मोकळा होतो. ४ केबीची खरी पानं (मेमरीचे ठरावीक तुकडे) त्या पत्त्यावर पहिल्यांदा लिहिलं जाईल तेव्हा एकेक करून जोडली जातात. अशा सगळ्या कबुल्यांची बेरीज रॅम अधिक स्वॅपच्या (रॅम अपुरी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) पलीकडे गेली की झालं ओव्हरकमिट. बोलाचीच कढी! सगळे एकदम पानावर बसले तर ओओएम किलर (मेमरी संपली की प्रोग्रॅम बंद पाडणारा लिनक्सचा भाग) कुणाला तरी उठवतो, आणि तो शेवटी आलेलाच असेल असं नाही. बहुधा सगळ्यात जास्त मेमरी खाणारा जातो.

सोलॅरिस या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमचा कारभार रोखठोक. मागणी आली की तेवढी जागा लगेच हिशोबात धरायची, नसेल तर तिथेच नकार. हेच 'स्वॅप रिझर्व्हेशन'. डिस्कवर मात्र तेव्हा काहीच लिहिलं जात नाही. म्हणून तिथे 'स्वॅप -एस' ही कमांड चालवली की 'अ‍ॅलोकेटेड' (प्रत्यक्ष वापरात आलेली) आणि 'रिझर्व्हड' (राखलेली, पण अजून न वापरलेली) असे दोन वेगळे आकडे दिसतात. त्या 'स्वॅप'मध्ये रॅमचाही वाटा धरलेला असतो, तेव्हा स्वॅप म्हणजे फक्त डिस्क असं समजू नका.

माझं मत : पहिल्याला 'ऐपतीबाहेरची कबुली', दुसऱ्याला 'स्वॅप राखून ठेवणं'. 'आरक्षण' म्हटलं की आपला वाचक थेट रेल्वेच्या खिडकीवर नाहीतर मोर्चात जातो. आणि 'स्मृती' कृपा करून नको, मेमरीच लिहा.

दुसरं उत्तर : 'ऐपतीबाहेरची' म्हणजे उधळेपणा वाटतो, पण त्यामागे कारण आहे. ५ जीबीच्या प्रोसेसने (चालू प्रोग्रॅमने) फोर्क केलं, म्हणजे स्वतःची नक्कल काढली, तर पोराची पानं आधी बापाशी सामाईकच असतात, आणि बरेचदा ते पोर लगेच एक्झेक करून, म्हणजे स्वतःच्या जागी, दुसराच छोटा प्रोग्रॅम चालवतं. तरी राखून ठेवणारी सिस्टिम आणखी ५ जीबी बाजूला काढायला बघते. नसली तर फोर्कच फसतो.

लिनक्सलाही कडक करता येतं. ओव्हरकमिट_मेमरी हे सेटिंग २ ठेवलं की मर्यादा होते पूर्ण स्वॅप अधिक रॅमचे ५० टक्के (हा मूळ आकडा, बदलता येतो). ८ जीबी रॅम आणि स्वॅप शून्य असेल तर कबुली फक्त ४ जीबीपर्यंत! अर्धी रॅम मोकळी दिसत असताना मॅलॉक नाही म्हणतो आणि माणूस चक्रावतो.

पहिल्याचं उत्तर : मान्य. मग 'ऐपतीबाहेरची'ऐवजी 'जादा कबुली' म्हणू. फक्त विंडोजचं प्रकरण आलं तर जपून. तिथे 'रिझर्व्ह' म्हणजे नुसता पत्त्यांचा पट्टा अडवणं, आणि मर्यादेत मोजलं जातं ते 'कमिट'. सोलॅरिसमधल्या रिझर्व्हचं काम विंडोजमध्ये कमिट करतं. म्हणून आधी सिस्टिमचं नाव लिहा, मग शब्द वापरा.