टीएसएच दबलेलं नाही, मग कार्बिमाझोल कशासाठी?

नाडीपरीक्षा (धागाकर्ता)
थायरॉइडचा रिपोर्ट असा समजा: एफटी४ (रक्तातलं मुक्त टी४ हार्मोन) २.६ (मर्यादा ०.८ ते १.८), एफटी३ (मुक्त टी३) ६.१ (२.० ते ४.४), टीएसएच (थायरॉइडला चालवणारं पिट्यूटरी ग्रंथीचं हार्मोन) ३.४, म्हणजे नॉर्मल. नाडी १०८, गळ्याला छोटा गॉयटर (थायरॉइडची सूज). असा कागद समोर आला की 'हायपर' (थायरॉइड जास्त चालतंय) ठरवून कार्बिमाझोल (थायरॉइडचं हार्मोन बनणं रोखणारं औषध) लिहून मोकळं व्हायची सवय आहे. माझ्या मते ती घातक आहे. नेहमीच्या हायपरमध्ये टीएसएच तळाला जातं. इथं जात नाही, कारण थायरॉइड हार्मोनच्या बीटा ग्राहीच्या (रिसेप्टरच्या) जनुकात (टीएचआरबी, तिसरं गुणसूत्र) दोष असू शकतो, म्हणजे थायरॉइड हार्मोन रेझिस्टन्स. पिट्यूटरीचं काम याच ग्राहीवर चालतं, त्यामुळे टी३ वाढलाय हे तिला कळत नाही. हृदयात मात्र मुख्यतः अल्फा ग्राही आहे आणि तो शाबूत असतो. वाढलेला टी३ तिथं पूर्ण जोर लावतो: हृदयपेशीतला कॅल्शियमचा सर्का पंप वाढतो, ठोक्यांचा वेग ठरवणाऱ्या एचसीएन वाहिन्या वाढतात, नाडी पळते. कार्बिमाझोलने टी४ उतरवला की पिट्यूटरी आणखी टीएसएच सोडते आणि गॉयटर फुगतो. रेडिओआयोडीन (थायरॉइड जाळणारं किरणोत्सारी आयोडीन) दिलं तर त्याहून वाईट, मग आयुष्यभर लेव्होथायरॉक्सिनचे (टी४ च्या गोळ्यांचे) अवाढव्य डोस.

लॅबवाला
जनुकापर्यंत जायची एवढी घाई नको. आधी केसांसाठीच्या गोळ्या विचारा. त्यातल्या बायोटिनमुळे एफटी४ खोटा वाढतो, आणि त्या लॅबची टीएसएच चाचणी बायोटिनवर चालत नसेल तर हुबेहूब हाच नमुना उभा राहतो. किमान दोन दिवस बंद करून, शक्यतो वेगळ्या कंपनीच्या मशीनवर तपासणी पुन्हा करा. अमिओडॅरोन (हृदयाच्या तालाचं औषध) चालू आहे का? थायरॉक्सिनच्या गोळ्या महिनाभर चुकवून तपासणीच्या आदल्या दिवसांत भराभर घेतल्या का? हे सगळं निपटलं की आईवडील आणि भावंडांचं टीएसएच-एफटी४ करा. हा दोष जनुकाच्या एकाच बिघडलेल्या प्रतीने उतरतो, त्यामुळे घरात दुसरा असाच रिपोर्ट निघाला तर अर्धं निदान तिथंच झालं. टीएसएच सोडणारी पिट्यूटरीची गाठ वगळायला अल्फा सबयुनिट (टीएसएचचा एक तुकडा) आणि एसएचबीजी (यकृतात बनणारं एक प्रथिन) बघा. गाठीत दोन्ही बहुधा वाढतात. नुसत्या एमआरआयवर विसंबू नका, बारीकसारीक गाठी ग्राहीदोषातही दिसतात. आणि जनुकचाचणी कोरी आली म्हणून निदान खोडू नका, सुमारे १५ टक्के रुग्णांत टीएचआरबीत काहीच सापडत नाही.

हृदयपक्ष
निदानाबद्दल वाद नाही. कार्बिमाझोल घातक म्हणून "काही उतरवू नका" या सुराला मात्र सक्त विरोध. ॲटेनोलॉलने (नाडी मंद करणारा बीटा ब्लॉकर) नाडी ८० वर आली म्हणजे हृदय सुटलं असं नाही. टी३ चा मारा अलिंदावर (हृदयाच्या वरच्या कप्प्यावर) चालूच राहतो. वेल्समधल्या अशाच बीटा दोषाच्या रुग्णांचा २०२३ चा अभ्यास बघा: अनियमित ताल आणि मोठे हृदयविकार या लोकांत लवकर येतात. चयापचयाची गंमत आणखी विचित्र. स्नायूंत अल्फा ग्राही, म्हणून विश्रांतीतही ऊर्जाखर्च वाढलेला आणि भूक जबर. यकृतात बीटा ग्राही, तो बहिरा, म्हणून एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) उतरत नाही, उलट चढतं. नेहमीच्या हायपरमध्ये निदान एलडीएल तरी कमी होतं. हृदयाला दोन्हीकडून मार.

नाडीपरीक्षा
मग उपाय ट्रायॅक (टी३ सारखं एक औषध), कार्बिमाझोल नव्हे. ट्रायॅक बीटा ग्राहीला जास्त धरतं, पिट्यूटरीला पटवून टीएसएच खाली आणतं, मागोमाग टी४ आणि टी३ उतरतात. फक्त लक्षात ठेवा, टी३ च्या चाचणीत ट्रायॅकही मोजलं जातं. त्यामुळे डोस एफटी४, टीएसएच आणि नाडीवर ठरवायचा. एफटी३ बघून घाबरून औषध बंद करणारे असतातच.

हृदयपक्ष
मान्य, पण ते हाताशी नसेल आणि अलिंदाचा ताल बिघडलाच असेल, तर? रक्त पातळ करायचं औषध पक्षाघाताच्या जोखमीच्या गुणांकाप्रमाणे, बीटा ब्लॉकर, आणि एन्डोच्या (हार्मोनतज्ज्ञाच्या) देखरेखीत कार्बिमाझोलचा लहान डोस, टीएसएच आणि गॉयटरवर नजर ठेवून. सरसकट बंदी मला पटत नाही.

लॅबवाला
उलटी बाजू कोणी काढलीच नाही. अल्फा ग्राहीचा दोष (टीएचआरए, सतरावं गुणसूत्र) माणसात २०१२ मध्ये पहिल्यांदा नोंदला गेला. टीएसएच नॉर्मल, टी४ खालच्या काठावर, टी३ वरच्या. नाडी मंद, बद्धकोष्ठ, सौम्य ॲनिमिया, सीके (स्नायूंतलं एन्झाइम) वाढलेलं, ऊर्जाखर्च कमी. फक्त टीएसएच करणाऱ्या पॅकेजमध्ये हा रुग्ण कधीच सापडणार नाही.

जनुकवेडी
दोन्ही पक्ष गरोदरपण विसरले. आईला बीटा दोष आणि गर्भ निरोगी असेल, तर आईचा जादा टी४ गर्भाला खरोखरच जादा होतो. गर्भपात आणि कमी वजनाची बाळं यांची नोंद आहे. गर्भातही तोच दोष असेल तर तेच प्रमाण त्याला सोसतं, आणि तिथं औषध देऊन टी४ उतरवणं त्याच्या मुळावर येऊ शकतं. म्हणजे एकाच आईच्या दोन गरोदरपणांत उत्तर वेगळं. त्यामुळे घरातला नेमका बदल गरोदरपणाआधीच माहीत असला पाहिजे.