फ्लॅशमधली जुनी अ‍ॅनिमेशन्स हॅक्समध्ये न्यायची आहेत, कुठून सुरुवात करू?

टिंबटिंब

नमस्कार मंडळी. भौतिकशास्त्र शिकवण्यासाठी मी पूर्वी फ्लॅशमध्ये बरीच संवादी अ‍ॅनिमेशन्स केली होती. लंबक, भिंगं, विद्युतमंडल, लाटा असं बरंच काही, सगळं अ‍ॅक्शनस्क्रिप्ट 3 या फ्लॅशच्या भाषेत. मूळ एफएलए (संपादनाच्या) फायली आणि कोड शाबूत आहेत, पण 31 डिसेंबर 2020 ला फ्लॅश प्लेअरचा आधार संपला तेव्हापासून सगळं धूळ खात पडलंय. आता ते ब्राउझरमध्ये, विंडोजवर आणि अँड्रॉइडवर चालायला हवंय. एकटाच आहे, त्यामुळे तीन ठिकाणी तीन कोड सांभाळणं जमणार नाही. हॅक्स ही प्रोग्रॅमिंगची भाषा आणि ओपनएफएल यांबद्दल वाचलं. प्रत्यक्ष वापरलेलं कुणी आहे का? जुना कोड कितपत जसाच्या तसा चालतो?

कॅनव्हासवाला

कशाला आडवाटेची भाषा? सरळ जावास्क्रिप्ट घ्या, चित्रांसाठी पिक्सीजेएस, विंडोजसाठी इलेक्ट्रॉन, अँड्रॉइडसाठी वेबव्ह्यू. कुठे अडलात तर विचारायला माणसं मिळतील. हॅक्सवाले शोधावे लागतात.

अर्धविराम

कॅनव्हासवाला म्हणतात ते कोऱ्या पाटीवर सुरुवात करणाऱ्यासाठी ठीक आहे. टिंबटिंब यांची पाटी कोरी नाही, चांगली भरलेली आहे, आणि ती पुसायची नाही हाच तर प्रश्न आहे.

हॅक्स मुळात फ्लॅशच्याच घरातून आलेली भाषा. निकोला कानास यांनी आधी एमटीएएससी हा अ‍ॅक्शनस्क्रिप्ट 2 चा कंपायलर (कोडचं चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये रूपांतर करणारा) लिहिला होता आणि 2005 मध्ये हॅक्सचं काम सुरू केलं. त्यामुळे क्लास, पॅकेज, टाइप लिहायची पद्धत तुम्हाला ओळखीची वाटेल. ओपनएफएल ही तिच्यावरची लायब्ररी. तिने फ्लॅशचा डिस्प्ले लिस्टचा (पडद्यावरच्या वस्तूंच्या यादीचा) सगळा मामला नव्याने बांधलाय: स्प्राइट, अ‍ॅडचाइल्ड, बिटमॅपडेटा, एंटरफ्रेम, माउसइव्हेंट. नावंसुद्धा तीच. ‘पेपर्स, प्लीज’ हा 2013 चा गेम मुळात हॅक्समध्येच लिहिलेला होता आणि ‘डेड सेल्स’ हॅक्स व हीप्स इंजिनवर. म्हणजे भाषा खेळण्यातली नाही.

हॅक्स स्वतः फारसं काही चालवत नाही, ती दुसऱ्या भाषांत उतरते. ब्राउझरसाठी जावास्क्रिप्ट तयार होते, विंडोज आणि अँड्रॉइडसाठी सी++. शिवाय हॅशलिंक नावाचं व्हर्च्युअल मशीन आहे. रोजचं काम एचटीएमएल5 वर करा, डेस्कटॉपची झटपट चाचणी हॅशलिंकवर, आणि सी++ शेवटी. सी++ चा पहिला बिल्ड (चालवायची फाइल तयार करणं) चहा करून प्यायला पुरेसा वेळ घेतो. पुढचे बिल्ड बदललेल्या फायलींपुरते असतात.

आता जसाच्या तसा कोड. नाही चालत. नंबरचं फ्लोट आणि छोट्या इंटचं मोठ्या आयचं इंट करणं, कन्स्ट्रक्टरला क्लासच्या नावाऐवजी न्यू लिहिणं, हे शोधा-बदला करून होतं. त्यावर वेळ घालवू नका. खरं दुखणं तीन ठिकाणी आहे.

फॉर लूप. हॅक्समध्ये तीन तुकड्यांचा (सुरुवात, अट, वाढ) फॉर नाहीच. शून्यापासून दहापर्यंत अशी रेंज द्यायची, शेवटचा आकडा त्यात धरला जात नाही. लाटेचा आलेख काढताना तुम्ही नक्कीच पाच-पाच अंशांनी पुढे जाणारा लूप लिहिला असेल. त्याचा व्हाइल करावा लागतो. करताना आत कुठे कंटिन्यू (ही फेरी सोडून पुढच्या फेरीवर जा) आहे का ते बघा. फॉरमध्ये कंटिन्यू झालं तरी आकडा वाढतो. व्हाइलमध्ये वाढवायची ओळ तळाशी ठेवलीत तर कंटिन्यू तिला ओलांडून वर जातं, लूप संपतच नाही आणि टॅब गोठतो. आकडा वर, कंटिन्यूच्या आधी वाढवा.

दुसरं, भागाकार. सात भागिले दोन म्हणजे हॅक्समध्ये साडेतीन, आणि ते इंटमध्ये ठेवायला गेलात तर कंपायलर अडवतो. अ‍ॅक्शनस्क्रिप्ट मुकाट्याने दशांश छाटायची. इथे एसटीडी डॉट इंट असं सांगून छाटावं लागतं. मला हे आवडतं. जुन्या कोडमधल्या दडलेल्या चुका अशाच बाहेर येतात.

तिसरं जास्त खोडसाळ. क्लासमधल्या चलाला सुरुवातीची किंमत दिली नाही तर सी++ मध्ये इंट शून्य असतो, जावास्क्रिप्टमध्ये काहीच नसतं. मग कोनात वेग मिळवला की उत्तर ‘आकडाच नाही’ असं येतं आणि लंबकाचा गोळा पडद्यावरून गायब. एरर नाही, सूचना नाही. विंडोजवर मात्र तोच लंबक छान झुलतो. म्हणून प्रत्येक चलाला किंमत द्या, शून्य असली तरी लिहून.

चित्रं पुन्हा काढू नका. एफएलएमधून एसडब्ल्यूएफ (फ्लॅशची चालणारी फाइल) काढा आणि प्रोजेक्टच्या एक्सएमएलमध्ये लायब्ररी म्हणून जोडा. सिंबॉल आणि टाइमलाइन त्यातून उचलता येतात. वागणूक तेवढी हॅक्समध्ये लिहा.

कॅनव्हासवाला

लूपचं मान्य. पण एवढं नव्याने लिहायचंच असेल तर तेवढ्यात जावास्क्रिप्टही होईल की!

अर्धविराम

होईल, पण डिस्प्ले लिस्ट, इव्हेंटचा प्रवाह, मास्क आणि टाइमलाइन यांच्या सवयी बदलून. इथे वाक्यरचना बदलते, आराखडा तोच राहतो. आणि जावास्क्रिप्टमध्ये वरच्या चुका पकडणारा कंपायलर नाही. टाइपस्क्रिप्ट (टाइप तपासणारी जावास्क्रिप्ट) म्हणालात तर वाद थोडा कमी करतो.

जुनाखेळाडू

दोन पर्याय राहिले. रफल हा रस्टमध्ये लिहिलेला फ्लॅश एम्युलेटर आहे, कोड न बदलता ब्राउझरमध्ये एसडब्ल्यूएफ चालवतो. अ‍ॅक्शनस्क्रिप्ट 3 मधलं काय काय चालतं ते मात्र फाइलगणिक तपासा. दुसरा अ‍ॅडोबी एअर, फ्लॅशच्या कोडपासून अ‍ॅप बनवायचं साधन, 2019 पासून हार्मन कंपनीकडे आहे. विंडोज आणि अँड्रॉइड त्यात जुन्या कोडवरच सुटतात.

टिंबटिंब

सर्वांचे आभार. एअर ब्राउझरमध्ये चालणार नाही म्हणून बाद. रफलवर भिंगं बरी दिसली, ती तूर्त तशीच ठेवेन. लंबक ओपनएफएलमध्ये आणला. गोळा खरंच गायब झाला होता, किंमत दिल्यावर आला. आता दोन अडचणी. विंडोजच्या बिल्डमध्ये टिकटिक आवाज येत नाही, ब्राउझरमध्ये येतो, पण पहिल्यांदा बटण दाबल्यावरच. आणि जुन्या फोनवर लंबक संथ झुलतो.

अर्धविराम

विंडोजवर एमपी3 असेल, म्हणून गप्प आहे. नेटिव्ह (म्हणजे सी++ च्या) बिल्डला ऑग किंवा वेव्ह लागते. दोन्ही प्रकारच्या फायली ठेवा, एक्सएमएलमध्ये एचटीएमएल5 साठी एक आणि नेटिव्हसाठी दुसरी अशी अट घाला, आणि दोन्हींना एकच आयडी द्या. म्हणजे कोडमध्ये फाटे फुटत नाहीत.

ब्राउझरचं वागणं बरोबर आहे. वापरणाऱ्याने काही दाबल्याशिवाय आवाज सुरू होऊ द्यायचा नाही, असा ब्राउझरांचाच नियम आहे. ‘सुरू करा’ असं बटण असलेला पहिला पडदा ठेवा आणि विषय संपवा.

फोनचं मात्र मनावर घ्या. तुम्ही प्रत्येक एंटरफ्रेमला कोन ठरावीक मापाने सरकवता ना? फोनने फ्रेम गाळल्या की लंबक संथ होतो, म्हणजे आवर्तकाळच चुकीचा दिसतो. गेममध्ये हे खपून जातं, भौतिकशास्त्राच्या धड्यात नाही. मुलं स्टॉपवॉच लावून मोजतील आणि सूत्राशी उत्तर जुळणार नाही. गेटटायमरने मागच्या फ्रेमपासून किती मिलिसेकंद गेले ते काढा आणि वेगाला त्याने गुणा. एका फ्रेमला फार मोठी उडी आली तर तिचे लहान तुकडे करून गणित करा, नाहीतर हळूहळू झोका वाढत जाईल. लाटांनाही हेच लागू.

मराठी मजकुराचा फॉन्ट अ‍ॅसेट्समध्ये घालून सोबत पाठवा, फोनवर तो असेलच असं धरू नका. जोडाक्षरं तिन्ही बिल्डमध्ये स्वतः डोळ्यांनी बघा, विशेषतः ‘क्ष’, ‘र्‍य’ आणि र्‍हस्व वेलांटी.

आता विद्युतमंडल घ्या. त्यात ड्रॅग-ड्रॉप आहे, बोटाने ओढताना वेगळे प्रश्न येतील. आलात की लिहा.