क्लबची व्याख्यानं: ज्ञान की नुसता चहा?

भट्टीवाला: परवा एकानं इथं ठोकून दिलं, "क्लबची दरमहाची व्याख्यानं म्हणजे कोल्हापूरजवळच्या शिरोली-गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीवाल्या उद्योजकांना वरदान. जे येत नाहीत त्यांना शिकायचंच नाही." डोकं फिरलं, म्हणून हे लांबण.

दोन वर्षं मी एकही चुकवलेलं नाही. हारतुरे वीस मिनिटं, पाहुण्यांचा परिचय दहा, मग 'इंडस्ट्री 4.0'ची, म्हणजे कारखाना इंटरनेटला जोडायची, तीच स्लाइड: वाफेचं इंजिन, कन्व्हेयर, कॉम्प्युटर, ढग (क्लाउड). शेवटच्या पाच मिनिटांत कळतं की वक्ते सॉफ्टवेअर खपवायला आलेत. अहो, माझी लोखंड वितळवायची विजेची इंडक्शन भट्टी टनाला 600 युनिट खाते, ती 550वर कशी आणायची ते सांगा की!

मागच्या खेपेला वाळूचं थ्रीडी प्रिंटिंग होतं. विषय एक नंबर. साचा उठवायचा पॅटर्न नको, आतल्या पोकळीसाठी कोअर बॉक्स नको, वाळूचा थर, त्यावर चिकटवणारा बाइंडर, पुन्हा थर, साचा तयार. मी विचारलं, साच्याला किलोमागं खर्च किती? उत्तर आलं, "डिपेंड्स." आणि चहा.

पदाधिकारी_पार्टटाइम: ते वाक्य माझंच, आणि मागं घेत नाही. वक्ता पुण्याहून स्वतःच्या पेट्रोलनं येतो, आम्ही त्याला नारळ आणि शाल देतो. विकणारा येणार नाही तर कोण येणार? हॉलचं भाडं दोनदा मी खिशातून भरलंय, ते कुणाच्या लक्षात नाही.

ईव्हीवरचं व्याख्यान विसरलात वाटतं. इंजिन ब्लॉक आणि सिलिंडर हेड ओतून घरं बांधलेल्या गावात, बॅटरीवरच्या गाडीला हे दोन्ही लागत नाहीत, हे कुणीतरी तोंडावर सांगायला नको? तेव्हा मागच्या रांगेत हसत कोण होतं, मला माहीत आहे.

कोअरशॉप: दोघंही मूळ मुद्दा सोडून भांडताय. स्लाइड इंग्रजीत, बोलणं इंग्रजीत. माझ्या मोल्डरला, साचे भरणाऱ्याला, हौसेनं घेऊन गेलो होतो. पंचवीस वर्षं वाळू हातात घेऊन ओल सांगतो गडी. तासभर जांभया देऊन बाहेर आल्यावर म्हणाला, "मालक, कुणाचं लग्न होतं?"

निवृत्त_मास्तर: आता मुद्द्यावर आलात! किर्लोस्करवाडीहून 1920 साली 'किर्लोस्कर खबर' निघालं. कारखान्याचं पत्र, मराठीत. शंभर वर्षांनी आपल्याला 'कास्टिंग'ला 'ओतकाम' म्हणायची लाज वाटते. ओतशाळा, मिश्रलोह, इंडक्शनला प्रवर्तन भट्टी... शब्द आहेत, वापरणारे नाहीत.

भट्टीवाला: मास्तर, 'प्रवर्तन भट्टी बंद पडली' असं मी शॉपवर ओरडलो तर पोरं विचारतील, कुठल्या देवळातली? इंडक्शन, हीट, लॅडल, रायझर, फेटलिंग हेच आमचं मराठी. सातवी शिकलेला माणूस बोलतो ते मराठी नाही आणि कोशातलं तेवढं मराठी?

निवृत्त_मास्तर: 'रायझर' म्हणजे काय ते त्या सातवी शिकलेल्याला कुणी कधी समजावलंय का? घट्ट होताना लोखंड आकसतं, ती तूट भरून काढायला ठेवलेला साठा. हे कळलं असतं तर ओतलेल्या जॉबमध्ये पोकळ्या कमी निघाल्या असत्या तुमच्याकडं. पण मालकाला मोटारीचं नवं मॉडेल परवडतं, शिकवणं परवडत नाही.

भट्टीवाला: माझ्या पोकळ्या काढू नका. गाडी सेकंडहँड आहे.

कोअरशॉप: मी फक्त स्लाइड मराठीत करा म्हणालो होतो. चुकलं माझं.

गोल_ग्राफाइट: वीस प्रतिक्रिया झाल्या तरी तुमचं ओतकाम-कास्टिंग चालूच. मी मेटलर्जीवाली, स्पेक्ट्रो बघते, म्हणजे लोखंडात काय किती आहे ते तपासते. पहिल्यांदा क्लबात गेले तेव्हा एका सद्‌गृहस्थांनी विचारलं, "मॅडम, नाश्त्याचं तुमच्याकडंच ना?" त्यानंतर वर्षभर फिरकले नाही.

परत गेले ती डक्टाइल, म्हणजे सहजी न तुटणाऱ्या ओतीव लोखंडावरच्या व्याख्यानाला. नवं काही नव्हतं, लोखंडातलं ग्राफाइट गोल करणारी मॅग्नेशियमची ट्रीटमेंट 1940च्या दशकातली. वक्ते एवढंच घोळून घोळून सांगत होते की मॅग्नेशियम उडत राहतं. ट्रीटमेंटनंतर दहाएक मिनिटांत ओतलं नाही तर ग्राफाइटचे गोळे बिघडतात. आमच्याकडं क्रेन मोकळी नसली की वितळलेल्या लोखंडानं भरलेला लॅडल तसाच लटकत राहायचा. दुसऱ्या दिवशी घड्याळ लावलं. पहिला लॅडल चौदा मिनिटं. बिघडलेल्या मालापायी आम्ही दोन महिने केमिकलवाल्याला शिव्या घालत होतो. वक्ते इंग्रजीतच बोलले, मास्तर. आणि पंचाहत्तर लोकांच्या हॉलमध्ये आम्ही अकरा होतो, कारण विषयात 'एआय' नव्हतं.

पदाधिकारी_पार्टटाइम: अकरा. मोजलं कुणीतरी, आभारी आहे.

भट्टीवाला: नाश्त्याचं विचारणारा मी नव्हे, हे आधी सांगतो. डक्टाइलच्या दिवशी मी बाहेर फोनवर होतो. चूक. एकदाच कबूल करतो, पुन्हा विचारू नका. पण मग असली व्याख्यानं ठेवा की! ढगाची स्लाइड कशाला?

पदाधिकारी_पार्टटाइम: ठेवतो. पुढच्या महिन्यात वक्ते तुम्ही. चार रिजेक्ट जॉब कापून आणा आणि काय चुकलं ते सांगा.

भट्टीवाला: आणि पहिल्या रांगेत माझा कस्टमर बसलेला असणार, त्याचं काय?

गोल_ग्राफाइट: इथंच तर गाडी अडते सगळ्यांची.

कोअरशॉप: जॉबवरचे नंबर ग्राइंड करून आणा. माझेही दोन आणतो, कुणाचे कुठले ते सांगायचं नाही.

भट्टीवाला: बघतो. हारतुरे नकोत.

निवृत्त_मास्तर: फलकावर 'ओतकाम' लिहिणार असाल तर मीही येईन.

पदाधिकारी_पार्टटाइम: लिहितो. खाली बारीक अक्षरात कास्टिंगही लिहितो, नाहीतर परत अकराच.