शिरोड्याचे मीठ आणि बंद घराची घरपट्टी

चाकरमानी : मे महिन्यात घर शाकारून घेण्यासाठी गावी गेलो, तेव्हा पडवीच्या दाराच्या कडीला वाढीव घरपट्टीची नोटीस अडकवलेली दिसली. ज्या ग्रामसभेपुढे ही वाढ मांडली गेली, तिचा मी सदस्यच नाही, कारण ग्रामसभा गावच्या मतदारांची असते आणि माझे नाव मुंबईच्या यादीत आहे. आमच्या गावापासून जवळच असलेल्या शिरोड्याला मे १९३० मध्ये लोकांनी मिठाच्या कायद्यापायी लाठ्या खाल्ल्या. १६ डिसेंबर १७७३ च्या रात्री बोस्टन बंदरात चहाच्या ३४२ पेट्या पाण्यात टाकणाऱ्यांचेही म्हणणे एवढेच होते, की ज्या पार्लमेंटात आमचा माणूस नाही, तिने आमच्यावर कर बसवू नये. मग माझीच तक्रार या न्यायात का बसू नये?

खाजणकाठ : शिरोड्याचे नाव घेताना तिथला जाच काय होता, हे विसरून चालणार नाही. भरतीचे पाणी वाफ्यात कोंडले की उन्हाने आटत जाते आणि कडेला पांढरी साय धरते. मिठाच्या कायद्यामुळे ती साय परवान्यावाचून घरी नेणे हाच गुन्हा होता. कराचे म्हणाल, तर १९२३ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळाने नकार दिला असतानाही व्हाइसरॉयने विशेष अधिकार वापरून तो मणामागे सव्वा रुपयावरून अडीच रुपये केला. पुढच्याच वर्षी तो पुन्हा सव्वा रुपयावर आणावा लागला, पण लोकप्रतिनिधींच्या शब्दाची किंमत तेवढ्यात कळून चुकली होती. आपल्या घरपट्टीमागे असा कोणी व्हाइसरॉय उभा नाही. आपण मुंबईत मत देणे पसंत केले, याचा दोष ग्रामपंचायतीला कसा देणार?

कायदेकानू : ‘पसंत केले’ हे बरोबर नाही. १९५० चा लोकप्रतिनिधित्व कायदा स्पष्ट सांगतो, की एखाद्या मतदारसंघात केवळ घर मालकीचे आहे म्हणून माणूस तिथला सामान्य रहिवासी ठरत नाही. म्हणजे पोटासाठी मुंबईला गेलेल्याला गावात नाव ठेवण्याची वाटच नाही. ‘सरपंच साऱ्या गावाचा असतो’ असे कोणी म्हणेल, तर ते उत्तरही मला पुरेसे वाटत नाही. अमेरिकेतील वसाहतींना इंग्रज हेच ऐकवत होते, की मँचेस्टरलाही स्वतःचा खासदार नाही, तरी पार्लमेंट त्याचेही हित पाहतेच. आणि तो चहा महागही झाला नव्हता. १७७३ च्या कायद्याने उलट स्वस्तच होणार होता. भांडण रकमेचे नव्हते, विचारण्याचे होते.

पाखाडीवरची : मी गावातच राहते आणि तीच वाढीव पट्टी भरते, म्हणून थोडे कडक लिहिते. लंडनमध्ये बसून मिठावर कर लावणाऱ्याच्या ताटातले मीठ त्यामुळे महाग होत नव्हते. आमच्या ग्रामसभेत हात वर करणाऱ्या प्रत्येकाला मात्र तोच दर स्वतःच्या घरालाही लागतो, आणि हा फरक मला मताच्या अधिकाराहून मोठा वाटतो. तुमच्या बंद घरापुढच्या पाखाडीवरचा, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेवरचा, दिवा आषाढातही जळतो आणि गणपतीला तुम्ही येता तेव्हा त्याच उजेडात उतरता. मुंबईतल्या तुमच्या भाड्याच्या खोलीसाठी तुम्ही कोणता सत्याग्रह केलात, तेही एकदा कळवा.

चाकरमानी : खोली भाड्याची नाही, पण टोला पोहोचला. दर सर्वांना सारखा आहे, हे मान्य. तरीही एक आठवण देतो. आपल्या तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यात इंग्रजांनी मासे खारवण्यासाठी सरकारी आवारे उघडली होती आणि तिथे करमुक्त मीठ मिळे. अट एवढीच, की मासळी त्यांच्या देखरेखीखाली खारवायची. सोय होतीच, पण ती सरकारच्या मर्जीवर. मार्च १९३१ च्या गांधी-आयर्विन करारानेही मीठ होणाऱ्या गावांना घरापुरते मीठ करण्याची मुभा दिली, पण कायदा तसाच राहिला आणि कर १९४७ मध्ये उठला. मला दिवा मिळतो, ही सोयच झाली. तो किती दिवसांनी बदलायचा, हे ठरवताना मी कुठे असतो?

खाजणकाठ : पट्टी न भरता भांडणार की भरून भांडणार, एवढे सांगावे. शिरोड्याला गेलेल्यांनी तुरुंगाची तयारी ठेवली होती.

चाकरमानी : भरून. पावती खिशात आहे.

पाखाडीवरची : मग १ मेच्या ग्रामसभेला या. तेव्हा निम्मी मुंबई गावातच असते. मत देता येणार नाही, पण पावती दाखवून बोलायला उभे राहिलात तर तुम्हाला खाली बसवणाऱ्याशी आधी मी भांडेन. दिव्याचा विषय मात्र लेखी आणा. मागच्या खेपेला तोंडी सांगितलेले इतिवृत्तात आलेच नव्हते.