मुलगी स्क्रॅचवर खेळ बनवते, पण व्हिडिओ बंद केला की अडते. घरी नेमकी मदत कशी करावी?

कोरी_पाटी

नमस्कार. माझी मुलगी दहा वर्षांची आहे आणि गेले काही महिने ती घरीच स्क्रॅच, म्हणजे तयार ब्लॉक एकमेकांना जोडून प्रोग्रॅम बनवण्याची मुलांची भाषा, शिकते आहे. मी स्वतः कधी प्रोग्रॅमिंग केलेले नाही. संगणकाशी माझा संबंध पत्र लिहिणे आणि हिशेबाचे तक्ते भरणे यापलीकडे गेलेला नाही. व्हिडिओ पाहत ती एकेक ब्लॉक जोडत जाते, खेळ सुरू होतो आणि मग घरातल्या प्रत्येकाला तो खेळावाच लागतो. मात्र व्हिडिओ बंद करून ‘आता तुझ्या मनातले काहीतरी कर’ असे म्हटले की ती कोऱ्या पडद्याकडे पाहत बसते.

नुकताच तिने वरून पडणारा चेंडू टोपलीत झेलण्याचा खेळ प्रथमच स्वतःच्या डोक्याने जुळवला. तो चालतो, पण एक चेंडू झेलला की गुण एकाने वाढण्याऐवजी एकदम सात-आठने वाढतात. तिने सगळे ब्लॉक काढून पुन्हा लावून पाहिले, तरी तेच. मला त्यातले काही उमगत नाही, आणि उत्तर कुठून तरी शोधून हातात ठेवले तर ती पुन्हा नक्कलच करणार, हे दिसते आहे.

अशा वेळी ज्याला कोडिंग येत नाही त्या पालकाने काय करावे? ओळखीतले काही जण म्हणतात की स्क्रॅच हा पोरखेळ आहे, तिला सरळ पायथॉनकडे, म्हणजे ओळी टंकून लिहायच्या भाषेकडे, वळवा. शिवाय एआय चॅटबॉट सांगताक्षणी अख्खा प्रोग्रॅम लिहून देतो, हे तिला मैत्रिणीकडून कळले आहे. त्याला परवानगी द्यावी की नाही, याचाही निर्णय होत नाही.

अर्धविराम

गुणांच्या घोळापासून सुरुवात करतो, कारण बाकीचे बरेचसे त्यातूनच निघेल.

तिची मांडणी बहुधा अशी असावी: ‘फॉरेव्हर’च्या (आतले ब्लॉक अखंड फिरवत राहणाऱ्या ब्लॉकच्या) पोटात चेंडूचा वाय, म्हणजे उंची, पाचाने कमी करणारा ब्लॉक, आणि त्याखाली ‘टोपलीला स्पर्श होत असेल तर गुण एकाने वाढव’ ही अट. वाचायला हे अगदी बिनचूक आहे. पण स्क्रॅच असे चक्र सेकंदाला साधारण ३० वेळा फिरवते. चेंडू टोपलीला टेकल्यापासून तिच्यातून पार होईपर्यंत सात-आठ फेऱ्या सहज होतात, प्रत्येक फेरीत स्पर्शाची अट खरी ठरते आणि प्रत्येक फेरीत एक गुण पडतो. ‘झेलणे’ ही आपल्या डोक्यातली एक घटना आहे. संगणकाला फक्त ‘या क्षणी स्पर्श आहे की नाही’ एवढेच विचारलेले आहे आणि तो तेवढ्याचेच उत्तर प्रामाणिकपणे देतो आहे.

आता महत्त्वाचे म्हणजे, हे तिला सांगू नका. त्याऐवजी चक्राच्या शेवटी ‘एक सेकंद थांब’ हा ब्लॉक तिला लावायला सांगा आणि खेळ सुरू करणारा हिरवा झेंडा दाबण्यापूर्वी विचारा: ‘आता काय होईल असे तुला वाटते?’ चेंडू एकेक पाऊल खाली येईल, टोपलीत शिरेल, आणि प्रत्येक पावलागणिक गुण वाढताना तिला डोळ्यांनी दिसेल. चेंडू वरून यायला फार वेळ लागतो म्हणून ती वैतागली, तर तो टोपलीच्या जरा वरूनच सोडायला सांगा. कारण तिचे तिलाच सापडले की उपायही तीच शोधेल, आणि तो माझ्या मनातल्या उपायापेक्षा वेगळा निघाला तरी बिघडत नाही.

तुम्हाला कोडिंग येत नाही, याचा येथे फायदाच आहे. ज्याला येते तो पालक दहाव्या सेकंदाला माउस हातात घेतो. माझ्या मते घरातल्या शिक्षणाचे सर्वांत मोठे नुकसान तेवढ्या एका कृतीने होते, कारण चूक दुरुस्त होते आणि ती का झाली होती हे शोधण्याचे काम मुलाच्या हातून निघून जाते. तुम्ही शेजारी बसून एवढेच म्हणा की, ‘मला यातले कळत नाही, वरपासून एकेक ब्लॉक वाचून दाखव आणि तो काय करतो ते सांग.’ मोठ्याने वाचताना मूल ज्या ओळीवर अडखळते, तिथेच बहुतेक वेळा बग, म्हणजे प्रोग्रॅममधली चूक, असतो. मुरलेले प्रोग्रॅमरसुद्धा हे करतात. समोर कोणी नसले तर टेबलावरच्या रबरी बदकाला समजावून सांगतात, आणि या पद्धतीला त्या बदकाचेच नाव पडले आहे.

व्हिडिओ आणि कोरा पडदा यांच्यामधली पायरी तिच्याकडून सुटली आहे, एवढेच. प्रोग्रॅमिंग शिकवण्यासाठी स्यू सेन्टन्स या ब्रिटिश संशोधिकेने मांडलेली एक पद्धत अनेक शाळांत वापरली जाते. तीत आधी तयार प्रोग्रॅम काय करेल याचा अंदाज, मग तो चालवून पाहणे, मग त्याची उलटतपासणी, मग त्यात बदल, आणि सर्वांत शेवटी स्वतःचे काही बनवणे, असा क्रम असतो. तुमची मुलगी चालवून पाहण्यावरून थेट शेवटच्या पायरीवर उडी मारू पाहते आहे. व्हिडिओवरून केलेला खेळ हाताशी आहेच, तर त्यात फेरफार करायला सांगा: चेंडू एकाऐवजी दोन, दहा गुणांनंतर वेग दुप्पट, डावीकडून गेलेली टोपली उजवीकडून परत. स्क्रॅचमध्ये खेळ दिसतो त्या मंचाची रुंदी ४८० आणि उंची ३६० असते आणि शून्य मधोमध असतो, त्यामुळे या शेवटच्या बदलासाठी तिला ऋण संख्यांशी गाठ घालावीच लागेल. संकेतस्थळावर लोकांनी ठेवलेले प्रकल्प आतून उघडून पाहता येतात आणि त्यांचे रीमिक्सही, म्हणजे त्यात फेरफार करून आपली आवृत्ती, करता येते. तिथे नक्कल करणे हा गुन्हा नसून रीतच आहे.

कोरी_पाटी

आपला सल्ला अमलात आणला, मनःपूर्वक आभार. ‘एक सेकंद थांब’ लावल्यावर दुसऱ्याच फेरीत तिच्या लक्षात आले आणि ती ओरडली की, ‘हा तर एकच चेंडू परत परत मोजतोय!’ त्यानंतर तिने स्वतः शोधलेला उपाय असा: गुण वाढवल्याबरोबर ‘टोपलीचा स्पर्श सुटेपर्यंत थांब’. गुण आता एकानेच वाढतो, परंतु चेंडू टोपलीला चिकटून बसतो आणि टोपली बाजूला सरकवल्याशिवाय खाली येत नाही. तिने खेळाचे नाव बदलून ‘चिकट चेंडू’ ठेवले असून आता ती हे दुरुस्त करायला तयार नाही. मी आग्रह धरावा काय?

अर्धविराम

मुळीच धरू नका. थांबण्याची सूचना त्याच चक्रात असल्यामुळे चेंडूचे पडणेही थांबते, एवढे तिला सांगता येते का ते मात्र पाहा. ते तिला सांगता आले तर चेंडू चिकटलेलाच राहू द्या. ज्या दिवशी तिला न चिकटणारा चेंडू हवा असेल, त्या दिवशी झेलल्याबरोबर त्याला परत वर पाठवण्याची युक्ती तिला सुचेल.

गणिताची_वही

पायथॉनविषयी लिहितो, कारण ती घाई अनेक घरांत दिसते. स्क्रॅच हे अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठाच्या मीडिया लॅबमधील मिचेल रेझ्निक यांच्या गटाने २००७ साली सर्वांसाठी खुले केले आणि ते मुख्यतः ८ ते १६ या वयोगटासाठी आखलेले आहे. म्हणजे दहाव्या वर्षी ते ‘लहान मुलांचे’ ठरत नाही. चक्र, अट, व्हेरिएबल (गुणांसारखी बदलती किंमत साठवणारी जागा), याद्या, स्वतः तयार केलेले ब्लॉक हे सगळे त्यात आहे. नाही ते फक्त टंकलेखनातल्या चुकांचे जंजाळ. मूल कीबोर्डवर एकेक अक्षर शोधत असेल, तर पायथॉनमध्ये त्याचा सगळा वेळ कंस आणि अवतरणचिन्हे जुळवण्यात जातो आणि विचार करायला डोके शिल्लक राहत नाही. टंकलेखन बऱ्यापैकी बसले आहे आणि ब्लॉकांचे ढीग तिला स्वतःलाच आवरेनासे झाले आहेत, अशी दोन्ही चिन्हे दिसली की मगच पायथॉनकडे वळावे.

तेव्हा सुरुवात ‘टर्टल’पासून करावी. पायथॉनबरोबरच येणाऱ्या या साधनात एक कासव पडद्यावर रेघ ओढत चालते. ही कल्पना लोगो या भाषेतून आलेली आहे. सीमोर पॅपर्ट, सिंथिया सॉलोमन आणि वॉली फॉयर्झाइग यांनी लोगो १९६७ साली मुलांसाठीच तयार केली. समभुज त्रिकोण काढायला सांगितला तर मूल हमखास लिहिते: शंभर पावले पुढे, ६० अंश वळ, असे तीनदा. कारण त्रिकोणाचा कोन ६० अंशांचा, हे त्याने पाठ केलेले असते. पडद्यावर मात्र त्रिकोण उमटत नाही, अर्धा षटकोन उमटतो. अशा वेळी मुलाला जमिनीवर स्वतः चालून पाहायला सांगावे. कोपऱ्यावर आल्यावर आपण आतला कोन वळत नाही, बाहेरचा वळतो, म्हणजे १२० अंश, हे पायांना आधी कळते. तीन कोपरे, ३६० अंश. चार कोपरे, पुन्हा ३६०. एवढे झाले की पंचकोनासाठी किती वळायचे हे सांगावे लागत नाही. पाच टोकांची चांदणी मात्र ७२ अंशांनी निघत नाही, १४४ लागतात, आणि हे का, यावर एक अख्खी संध्याकाळ छान जाते.

आणखी एक खड्डा आधीच सांगून ठेवतो. पायथॉनमध्ये वापरकर्त्याकडून दोन संख्या घेऊन त्यांची बेरीज करायला गेल्यास ५ आणि ३ यांचे उत्तर ५३ येते. ‘इनपुट’ने घेतलेली प्रत्येक गोष्ट अक्षरे म्हणून येते आणि अक्षरांची बेरीज म्हणजे ती एकापुढे एक जोडणे. ५३ पाहून मूल हसले तर उत्तमच. पालकांनी लगेच ‘इंट’ (अक्षरांचे संख्येत रूपांतर करणारी सूचना) लिहायला सांगू नये. चूक दाखवणारा संदेश लाल अक्षरांत आला की सर्वांत खालची ओळ आधी वाचावी आणि मग ओळ क्रमांक पाहावा. त्या ओळीत काहीच वावगे दिसले नाही, तर अनेकदा तिच्या वरच्या ओळीत एखादा कंस उघडा राहिलेला असतो.

सरळ_रेघ

मला थोडे वेगळे सुचवावेसे वाटते. मुलीला पडद्यासमोर बसवण्याची इतकी निकड नाही. १ ते १०० मधील एक संख्या मनात धरा आणि तिला ती ओळखायला सांगा. तुम्ही फक्त ‘जास्त’ किंवा ‘कमी’ म्हणा. उरलेल्या संख्यांच्या मधोमध विचारत गेले तर सातव्या प्रश्नापर्यंत उत्तर सापडलेच पाहिजे, कारण दोनाचा सातवा घात १२८ होतो. हा खरा अल्गोरिदम, म्हणजे उत्तरापर्यंत नेणारी पायऱ्यांची ठरलेली रीत, आहे आणि त्याला वीजही लागत नाही. आणि अर्धवट सोडलेल्या प्रकल्पांची मोजदाद करू नका. मुले चित्रेही अर्धी सोडतात, तेव्हा आपण त्यांना कोणी चित्रकलेचा जाब विचारत नाही.

अर्धविराम

सरळ_रेघ यांच्याशी सहमत आहे. हाच खेळ पुढे तिने स्क्रॅचमध्ये उलटा करावा, म्हणजे संख्या तिने धरायची आणि ओळखायची संगणकाने.

एआयचा प्रश्न राहून गेला. चॅटबॉटने लिहिलेला छोटा खेळ बहुतेक वेळा चालतो, आणि अडचण तिथेच आहे: चालणाऱ्या प्रोग्रॅमला मूल प्रश्न विचारत नाही. ‘चिकट चेंडू’ जन्मालाच आला नसता. म्हणून माझ्या घरी नियम असा आहे की कोड मागायचा नाही, मात्र स्वतः लिहिलेल्या कोडविषयी विचारायचे. ‘ही चूक कशामुळे येते, उत्तर न सांगता मला एक खूण दे’ अशी विनंती चालते. मिळालेले उत्तर खरे आहे का, हे प्रोग्रॅम चालवून पडताळल्याशिवाय मान्य करायचे नाही, कारण ही साधने चुकीचे कारणही तितक्याच ठामपणे सांगतात. बऱ्याच सेवांच्या अटींत किमान वय दिलेले असते, तेव्हा दहा वर्षांच्या मुलीने ते स्वतःच्या खात्यावरून नव्हे, तर तुमच्या शेजारी बसून वापरावे.

खात्यावरून आठवले. स्क्रॅच वापरण्यासाठी खाते उघडण्याची सक्ती नाही. प्रकल्प संगणकावर फाइल म्हणून जपून ठेवता येतो आणि इंटरनेटशिवाय चालणारी आवृत्तीही विनामूल्य मिळते. पुढे तिला खेळ इतरांना दाखवायचा असेल तर खाते तुमच्या ई-मेलवरून उघडा, वापरकर्तानावात तिचे खरे नाव, शाळा किंवा जन्मसाल येऊ देऊ नका आणि प्रकल्पांखालच्या प्रतिक्रिया सुरुवातीला तिच्याबरोबर बसून वाचा.