शब्दचर्चा: 'चाचे'चं स्त्रीलिंगी एकवचन काय?

तिरपी_रेघ:
दादरमधल्या एका छोट्या प्रदर्शनाचे फलक मराठीत करायचे आहेत. विषय आहे समुद्रावर लुटालूट करणाऱ्या बायका आणि त्या त्या काळच्या लेखकांनी त्यांना कसं रंगवलं. अनेकवचनात 'चाचे' म्हणून निभावून नेता येतं, घोडं अडतं एकवचनात. 'अ‍ॅन बॉनी ही चाचा होती' खटकतं. 'चाची' म्हटलं की हिंदीतली काकू येते. 'स्त्री-चाचा' म्हणजे सरकारी परिपत्रक. मथळ्याला एकच ओळ आहे. सुचवा.

माजघर:
चाचीण. वाघ-वाघीण, माळी-माळीण. रुळलेला प्रत्यय आहे, बिचकायचं कशाला?

गलबत:
पाटलीण म्हणजे पाटलाची बायको, स्वतः पाटीलकी करणारी नव्हे. '-ईण' लागलं की लोक आधी नवरा कोण ते विचारतात. या बायकांबद्दल लिहिणाऱ्यांनीही तीनशे वर्षं तेच केलंय. १७२४ मध्ये लंडनला कॅप्टन चार्ल्स जॉन्सन या टोपणनावाने चाच्यांचा इतिहास निघाला, त्याच्या शीर्षकपानावर मेरी रीड आणि अ‍ॅन बॉनी खास आकर्षण म्हणून छापल्या होत्या. आत काय, तर पुरुषवेष, जहाजावर कुणाला पत्ता नाही, मग प्रेमात पडल्यावर गुपित फुटतं. अगदी संगीत नाटकाचा दुसरा अंक.

पकडल्यावर दोघींवर जमैकात खटला चालला, त्याचा वृत्तांत १७२१ मध्ये तिथेच छापला गेला, तो शेजारी ठेवून वाचा. होडीतून माल नेताना लुटली गेलेली डोरोथी थॉमस साक्षीत सांगते की दोघींच्या अंगात पुरुषी जाकिटं आणि लांब विजारी होत्या, डोक्याला रुमाल, हातात कोयता आणि पिस्तूल. तरी छातीवरून त्या बायका आहेत हे तिला कळलं. दोन फ्रेंच साक्षीदार म्हणतात, पाठलागाच्या वेळी पुरुषी कपडे, एरवी बायकी. म्हणजे लपवाछपवी नव्हतीच. शिवाय पकडल्या जाण्याआधीच, सप्टेंबर १७२० मध्ये, बहामाच्या गव्हर्नरच्या जाहीरनाम्यात दोघींची नावं 'दोन बायका' म्हणून आहेत. वेषांतराची कथा ही जॉन्सनची देणगी.

आणि चित्रं! १७२४ च्या इंग्रजी पुस्तकातल्या चित्रात दोघी अंगभर कपड्यांत, हातात शस्त्रं. १७२५ च्या डच आवृत्तीत सदरे उघडे आणि छाती उघडी. साक्षीतली ओळख पटवायची खूण वर्षभरात विक्रीचं साधन झाली.

माजघर:
चित्रांबद्दल मान्य. पण मास्तरीण? ती स्वतः शिकवते आणि मास्तरांची बायकोही असू शकते. संदर्भ सांगतो ना.

पूर्णविराम:
आधी शुद्धलेखन बघा. शब्द 'चांचा' आहे, अनुस्वारासकट. जुन्या छपाईत चांचे, चांचेगिरी असंच मिळतं. गुजरातीत आजही चांचियो. मूळ चांच गावात, अमरेलीच्या किनाऱ्यावर. तिथले लुटारू ते चांचिये.

माजघर:
पूर्णविरामकाका, गुजरातीत चोचीलाही चांच म्हणतात. मग चोच मारून पळणारे ते चांचिये, असंही कुणी म्हणेल. गावावरून शब्द आला की शब्दावरून गाव, हे ठरवणार कसं?

तिरपी_रेघ:
अनुस्वार दिला तरी स्त्रीलिंग मिळत नाही हो. दुसरा फलक चीनचा आहे, तिथे तर नावातच नातं. झेंग यी साओ, म्हणजे सरळ 'झेंग यी वहिनी'.

गलबत:
तसंच ठेवा, मराठीत फार नेमकं बसतं. १८०७ मध्ये नवरा गेल्यावर तिने त्याचा चाच्यांचा ताफा हाती ठेवला, दत्तक मुलगा झांग बाओ याला सेनापती केलं, पुढे त्याच्याशीच लग्न केलं, आणि १८१० मध्ये बायकामुलांना घेऊन निःशस्त्र कँटनच्या अधिकाऱ्याकडे जाऊन शरणागतीच्या अटी ठरवल्या. फलकावर एक जपा. पळून गेलेल्याला आणि लूट लपवणाऱ्याला शिक्षा देणारी ती प्रसिद्ध नियमावली १८३० च्या चिनी वृत्तांतात झांग बाओच्या नावावर आहे. पाश्चात्त्य लेखकांनी ती तिच्या नावावर चढवली. बॉनी-रीडला प्रेमिका केलं, हिला जरबेची राणी केलं. दोन्हीकडे कागदापेक्षा साचा मोठा.

खांदेरी_दिवा:
मुळात 'चाचे' हाच शब्द कोण कुणाला लावतं ते बघा. कान्होजींना मुंबईचे इंग्रज चाचा म्हणायचे, आपण सरखेल, म्हणजे आरमाराचा प्रमुख म्हणतो. आंग्र्यांचं दस्तक, म्हणजे परवाना, घ्या आणि खुशाल जा, नाही घेतलं तर गलबत जप्त. पोर्तुगीज कार्ताझ नावाचा त्यांचा परवाना देऊन तेच करत होते, त्यांना कुणी चाचे म्हणालं नाही.

गलबत:
आयर्लंडच्या ग्रेस ओमॅलीचं हेच. किनाऱ्यावरून जाणाऱ्या जहाजांकडून वसुली हा त्या घराण्याचा जुना धंदा. तिला भेटलेला इंग्रज अधिकारी हेन्री सिडनी 'बाई कप्तान' अशा अर्थाचं लिहितो, पुढचे अधिकारी बंडखोर आणि लुटारू. १५९३ मध्ये ती थेट एलिझाबेथ राणीला भेटली. नंतरच्या आयरिश गाण्यांत तर तीच देश झाली. आयरिश बखरींत मात्र ती जवळजवळ नाहीच, सापडते ती इंग्रजांच्या दप्तरात.

पूर्णविराम:
मग संस्कृत घ्या. जलदस्यू. हिंदी, बंगालीत आहेच.

माजघर:
फलकापुढे शाळेची पोरं उभी राहणार आहेत, काका.

तिरपी_रेघ:
'समुद्री लुटारू' कसं? ती लुटारू, तो लुटारू, त्या लुटारू. रूप बदलत नाही, दरोडेखोरसारखंच. मथळ्यातही मावतं.

खांदेरी_दिवा:
बॉनीला चालेल. ओमॅलीला अजिबात नको. वसुली म्हणजे लूट हे इंग्रजांचं म्हणणं झालं, त्याच न्यायाने उद्या आंग्र्यांच्या फलकावर तुम्ही लुटारू लिहाल.

पूर्णविराम:
आणि लिहालच तर 'समुद्री' नको, 'सामुद्रिक' लिहा.

माजघर:
सामुद्रिक म्हणजे हात बघणं!